झाकलेला दोष आणि मौनाचा कायदा

(हुडकेश्वर, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी अभ्यासवर्गात शेतमजुरांचा, कंत्राटी कामगारांचा, शिक्षणाच्या व्यापारीकरणाचा विचार व्हावा, हे सर्वांनाच मान्य असते. जुन्या मोटारगाड्यांच्या खासगी विक्रीतून उद्भवणारे तंटे हा विषय मात्र अनेकांना क्षुल्लक वाटेल. मोटार ही मध्यमवर्गाची चैन. तिच्या भानगडींशी श्रमिकांच्या पक्षाला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. १९७० साली हा प्रश्न रास्त ठरला असता. त्या वेळी अॅम्बेसेडर आणि फियाट यांच्यापलीकडे फारशी निवड नव्हती, स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि हाती आलेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकता येई. गाडी असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची खूण होती.

आज परिस्थिती पालटली आहे. हुडकेश्वरकडेच पाहावे. ग्रामपंचायतीची हद्द संपून येथे महानगरपालिकेची हद्द सुरू झाली. शेतजमिनींचे लेआउट पडले, शहरात घर न परवडणारी हजारो कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांचा रोजगार मात्र बुटीबोरीला, हिंगण्याला, मिहानमध्ये किंवा सीताबर्डी-इतवारीच्या बाजारपेठेत राहिला. नागपूर मेट्रोची एक मार्गिका खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, दुसरी प्रजापतीनगराहून लोकमान्यनगराकडे. हुडकेश्वरला दोहोंपैकी एकही शिवत नाही. रात्रपाळी सुटल्यावर बस मिळेलच याची खात्री नसते. अशा वस्तीत जुनी गाडी घेणारा मनुष्य चैनीसाठी घेत नाही. सार्वजनिक वाहतुकीने जी जबाबदारी टाळली, ती तो स्वतःच्या खिशातून पार पाडीत असतो. म्हणून या प्रश्नाचे मूळ उत्तर सार्वजनिक वाहतूक हेच आहे, हे आरंभीच नोंदवून ठेवले पाहिजे. परंतु ते उत्तर प्रत्यक्षात येईपर्यंत माणसे फसत राहतात आणि त्यांचे तंटे कार्यकर्त्याच्या दारी येत राहतात. त्या तंट्यात कोणती भूमिका घ्यावी, हा आजचा प्रश्न आहे.

एक प्रातिनिधिक प्रसंग कल्पावा. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. बुटीबोरीच्या कारखान्यातील एक कंत्राटी कामगार पतसंस्थेचे कर्ज काढून अडीच लाखांना आठ वर्षांची गाडी घेतो. शिफ्टला जाताना चार सहकाऱ्यांना सोबत न्यावे, त्यांच्याकडून पेट्रोलचा वाटा घ्यावा आणि त्यातून हप्ता भागवावा, असा त्याचा हिशेब. विक्रेता दुसऱ्या वस्तीतला एक नोकरदार गृहस्थ. गाडी धुऊनपुसून लखलखीत केलेली, सीटकव्हर नवे, इंजिन एका चावीत सुरू होते. तीन आठवड्यांनी दिवे आपोआप लागू-विझू लागतात, मग गाडी भर रस्त्यात बंद पडते. मेकॅनिक पायाखालचा गालिचा उचलतो तेव्हा खाली वाळलेल्या गाळाचा थर, सीटच्या रुळांवर गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरा. गाडी केव्हा तरी पाण्यात बुडून निघालेली असते. दुरुस्तीचा खर्च ऐंशी हजार. विक्रेत्याला गाठले तर तो शांतपणे म्हणतो, “तुम्ही गाडी पाहिली, चालवली, मेकॅनिक आणला. जशी आहे तशी घेतली, असे मुद्रांकावर लिहून दिलेत. मी खोटे काय बोललो?”

हे उदाहरण नागपूरकरांना काल्पनिक वाटणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. दारातल्या, तळघरांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या; मोर भवन बसस्थानकातील बसगाड्यांचीही तीच गत झाली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात हेच घडले होते. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या काही गाड्या पूर्ण नुकसानीच्या म्हणून निकाली काढतात, त्यांचे अवशेष विकले जातात, त्यांतल्या काही पुन्हा उभ्या केल्या जातात. काही मालक विम्याच्या वाटेला न जाता गाडी वाळवून, साफ करून थेट विकतात. पूर ओसरतो, पण गाडीच्या वायरिंगमध्ये शिरलेले पाणी आपले काम करीत राहते. आणि अशी गाडी जेथे कमी किमतीला मागणी आहे तेथेच उतरते. पश्चिम नागपुरातील पाण्याची झळ अशा रीतीने वर्षा-दोन वर्षांनी शहराच्या कडेवरच्या वस्तीला बसू शकते.

आता हा खरेदीदार न्याय मागावयास निघतो. तो प्रथम पोलीस ठाण्यात जातो. तेथे ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगितले जाते. वस्तुतः फसवणुकीच्या फौजदारी व्याख्येत तथ्ये अप्रामाणिकपणे दडवणे हीसुद्धा फसवणूकच मानली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मध्ये ते स्पष्टीकरण होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही ते कायम आहे. परंतु व्यवहाराच्या आरंभापासूनच अप्रामाणिक हेतू होता, हे दाखवावे लागते. आणि विक्रेत्याला पुराची गोष्ट ठाऊक होती, याचा पुरावा विक्रेत्याच्याच घरात असतो.

मग तो ग्राहक आयोगाचा विचार करतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर हा मार्ग खरोखर उपयोगी आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती खरेदीदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. पण विक्रेता जर आपली एकुलती एक गाडी विकणारा गृहस्थ असेल, तर ‘हा व्यापारी नव्हे’ असा आक्षेप पहिल्याच तारखेला उभा राहतो.

शेवटी राहते दिवाणी न्यायालय. येथे वस्तुविक्रीचा १९३० चा कायदा लागू होतो. त्याच्या कलम १६ चा मूळ नियम असा की, विकलेल्या वस्तूच्या गुणवत्तेविषयी कोणतीही हमी गृहीत धरली जात नाही. अपवाद आहेत, पण त्यांतले महत्त्वाचे अपवाद त्या मालाचा व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहेत. खरेदीदाराने स्वतः पाहून घ्यावे, हे जुने इंग्रजी तत्त्व खासगी विक्रीत आजही जवळजवळ अबाधित आहे.

त्याहून बोलका आहे तो १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिला जोडलेले स्पष्टीकरण सांगते की, निव्वळ मौन हे कपट नव्हे. बोलणे हे त्या व्यक्तीचे कर्तव्य असेल किंवा ते मौनच बोलण्यासारखे असेल, तरच ते कपट ठरते. हे समजावण्यासाठी कायद्याने घोड्याची उदाहरणे घेतली आहेत. एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नव्हे. घेणारी व्यक्ती म्हणजे त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजेच बोलणे होय.

या उदाहरणांत एक संपूर्ण समाजदर्शन दडले आहे. मुलीशी प्रामाणिक राहा. परक्याशी गप्प राहिलात तरी चालेल. ज्या समाजात नाती आणि बाजार यांच्या दोन वेगळ्या नीती मान्य केल्या जातात, त्या समाजाचा हा कायदा आहे. घोडे गेले, मोटारी आल्या. दीडशे वर्षे उलटून गेली तरी हे स्पष्टीकरण जागचे हललेले नाही. त्यात कलम १९ ची भर पडते. मौनामुळे फसलेल्या माणसाला सामान्य दक्षता घेऊन सत्य शोधता आले असते, तर करार रद्द करण्याचा हक्क त्याला राहत नाही. म्हणजे ज्याने मेकॅनिक आणला त्याला ‘तपासणी केली होती’ म्हणून दोष, आणि ज्याने आणला नाही त्याला ‘का आणला नाही’ म्हणून दोष.

येथे अर्थशास्त्राची मदत घेणे आवश्यक आहे. १९७० साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तो प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन मान्यवर नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अॅकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचा युक्तिवाद साध्या हिशेबाने सांगता येईल. बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, चार लाखांच्या योग्यतेच्या, आणि निम्म्या वाईट, दोन लाखांच्या योग्यतेच्या आहेत असे समजा. कोणती गाडी कशी, हे मालकाला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा सरासरीने तीन लाखच देऊ करील. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, मी तीन लाखांत का विकावी? तो गाडी काढून घेतो. बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, घेणारा भाव आणखी पाडतो, आणि शेवटी दोन लाखांच्या गाड्याच उरतात. येथे खोटेपणाचे नुकसान केवळ फसलेल्या माणसापुरते राहत नाही. प्रामाणिक विक्रेत्याला आपल्या प्रामाणिकपणाची किंमत मिळेनाशी होते आणि तोही बाजारातून बाहेर फेकला जातो.

या निबंधाचा आपल्या देशाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. अॅकरलॉफ यांनी १९६७-६८ हे वर्ष भारतात काढले होते. निबंधाच्या उत्तरार्धात त्यांनी भारतीय उदाहरणे दिली आहेत. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे वेचीत बसणारी गृहिणी त्यात आहे. ग्रामीण भागातला सावकारही त्यात आहे. कर्ज मागणारा कितपत परतफेड करील, हे त्याला गावात राहून ठाऊक असते, बाहेरच्याला ते कळत नाही, म्हणून तो मनमानी दर लावू शकतो. तांदूळ निवडणाऱ्या त्या स्त्रीच्या श्रमाला कोणी मजुरी देत नाही. बाजारातील अप्रामाणिकपणाचा खर्च अखेर कोण भरतो, याचे उत्तर त्या सुपात आहे. हुडकेश्वरचा कामगार रविवारची सुटी घालवून चार-चार गाड्या पाहत फिरतो, मेकॅनिकला पैसे देतो, तो मेकॅनिक विक्रेत्याच्या दलालाकडूनही काही घेतो की काय या शंकेने रात्री झोपत नाही. तोही तांदूळच निवडीत असतो.

मुक्त बाजाराचे समर्थक यावर म्हणतील की बाजार स्वतःच उपाय शोधतो. तपासणी करून, हमी देऊन जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या आल्याच आहेत. हे खरे आहे, आणि त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु हमी ही तेथे विकत घ्यावी लागते. कंपनी आपला नफा घेते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीने जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्यांच्या नफ्यावरील कर सरसकट १८ टक्के ठरवला. दोन व्यक्तींमधील व्यवहाराला हा कर नाही. साहजिकच ज्याच्याजवळ पैसा कमी, तो हमी सोडून थेट व्यवहाराकडे वळतो. ज्याला तोटा सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला सर्वांत अधिक अनिश्चितता येते. विषमतेचे हे रूप वेतनाच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून ते ध्यानात येत नाही.

मात्र येथे समाजवाद्यांनी आपल्या एका सवयीपासून सावध राहिले पाहिजे. तंटा दिसला की एक शोषक आणि एक शोषित अशी विभागणी करून मोकळे होण्याची ती सवय आहे. या व्यवहारात विक्रेता बहुधा भांडवलदार नसतो. तोही हप्ते भरणारा, कदाचित स्वतःही फसून ती गाडी घेतलेला मनुष्य असतो. आपला तोटा पुढच्याच्या माथी मारल्याखेरीज त्याला सुटका दिसत नाही. फसलेला फसवतो आणि साखळी पुढे सरकते. शिवाय विक्रेत्याचीही एक रास्त तक्रार असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने, खरेदीदार त्याच राज्यातला असेल तर चौदा दिवसांत, हस्तांतरण कळवावयाचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावून घ्यावयाचे असते. पुष्कळ खरेदीदार पैसे वाचवण्यासाठी नाव लावीतच नाहीत. मग अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक आणि नुकसानभरपाईला जबाबदार. म्हणजे एकीकडे दोष दडवणारा विक्रेता, दुसरीकडे नाव न लावणारा खरेदीदार. दोन लहान माणसे एकमेकांना खड्ड्यात लोटीत असतात, आणि ज्या व्यवस्थेने दोघांनाही उघड्यावर सोडले तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

व्यवस्थेचा दोष कोठे आहे, हे नेमके पाहिले पाहिजे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. या पंधरा वर्षांत तिचा धूर तपासला जातो. ब्रेक, चासी, स्टिअरिंग यांची सक्तीची सरकारी तपासणी नाही. गाडी एमएच ३१ ची असो, एमएच ४० ची असो वा एमएच ४९ ची, तिच्या हस्तांतरणासाठी भरावयाचे नमुना २९ आणि नमुना ३० पाहावेत. त्यांत मालकाची सर्व माहिती आहे. गाडीच्या अवस्थेविषयी एकही रकाना नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना प्राधिकारपत्राची व्यवस्था लागू केली आणि गाडी ताब्यात असताना त्यांना मालक मानण्याचे ठरवले. ते पाऊल योग्य होते. पण तेही मालकीपुरतेच. शासनाला गाडी कोणाची आहे हे जाणण्यात रस आहे. ती कशी आहे हे जाणण्याची गरज वाटलेली नाही.

दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणे व्यवहाराला मानवत नाही, असे कोणी म्हणेल, तर इतिहास त्याला साक्ष देत नाही. प्राचीन रोममध्ये बाजाराची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुरांच्या विक्रीत दोष उघड सांगण्याचे बंधन घातले होते. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदी केलेली वस्तू पारखून परत करण्याच्या मुदती दिल्या आहेत : बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच. ज्या समाजाचे वाहन बैल होता, त्याने बैल घेणाऱ्याला पाच दिवस दिले होते. यामुळे प्राचीनतेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्याच वचनात दास आणि दासी यांच्याही पारखीच्या मुदती आहेत. माणूस हीच तेथे विकाऊ वस्तू होती. त्या व्यवस्थेतून उचलावयाचे ते एवढेच की, व्यवहार पक्का होण्यापूर्वी घेणाऱ्याला सत्य कळण्यास अवधी दिला पाहिजे, ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही.

आजच्या जगातही पर्याय आहेत. फ्रान्समध्ये चार वर्षांहून जुनी गाडी विकताना अलीकडच्या सहा महिन्यांतील तांत्रिक तपासणीचा दाखला द्यावा लागतो, आणि दडलेला दोष उघड झाल्यावर दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते, खासगी विक्रेत्याविरुद्धही. जर्मनीच्या दिवाणी संहितेप्रमाणे ज्याने कपटाने दोष दडवला त्याला ‘जशी आहे तशी’ या अटीचा आधार घेता येत नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात खासगी विक्रेत्यालासुद्धा माहीत असलेले गंभीर दोष सांगावे लागतात. न सांगितल्यास तीस दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा मार्ग आहे. ही सर्व भांडवलशाही राष्ट्रे आहेत. त्यांचा बाजार त्यामुळे बुडालेला नाही.

म्हणून पक्षाने शासनाकडे चार मागण्या कराव्यात. पहिली, हस्तांतरणाच्या नमुन्याला एक प्रतिज्ञापत्रक जोडावे : अपघात, पाण्यात बुडणे, इंजिन किंवा मीटर बदलणे, गाडी पूर्ण नुकसानीची म्हणून निकाली निघणे, यांविषयी विक्रेत्याने हो, नाही किंवा माहीत नाही असे लिहून सही करावी. दुसरी, विमा कंपन्यांकडे असलेला गाडीच्या दाव्यांचा इतिहास वाहन नोंदणीच्या संगणकीय प्रणालीत खरेदीदाराला दिसावा. तिसरी, हस्तांतरणाच्या वेळी अल्प शुल्कात तांत्रिक तपासणीची सोय व्हावी आणि ती शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे सोपवावी; तेथे मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि खरेदीदाराला ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा परीक्षक मिळेल. चौथी, करार कायद्यातील घोड्याचे उदाहरण बदलावे आणि ज्ञात असलेला गंभीर दोष न सांगणे हे कपट मानावे.

यावर ‘परवाना राज पुन्हा आणता काय’ असा आक्षेप येईल, आणि परिवहन कार्यालयाच्या दारातील दलालांचा अनुभव पाहता तो अगदीच निराधार नाही. परंतु शासनाने काय विकावे नि कितीला विकावे हे ठरवणे निराळे, आणि मापे खरी आहेत की नाहीत हे पाहणे निराळे. वजनकाट्यावरील शासकीय मुद्रेला कोणी परवाना राज म्हणत नाही. १९६३ चा शेतमाल बाजार कायदा आला तो रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या प्रथेतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. पुढे त्या बाजार समित्यांत सत्तेचे अड्डे झाले हे खरे. तरी उघड लिलावाचे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही. देखरेख लोकांच्या हाती ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

कायदा बदलेपर्यंत काय करावे? करार कायद्यातील तिसरे उदाहरण येथे कामी येते. विचारलेल्या प्रश्नापुढचे मौन हे बोलणेच ठरते. म्हणून विचारावे, आणि लेखी विचारावे. शाखेने एक साधे मराठी प्रश्नपत्रक तयार करावे. गाडी कधी पाण्यात होती का, अपघात झाला का, कर्जाचा बोजा उतरला का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, मीटर बदलला का, कोणता दोष आपल्याला ठाऊक आहे; आणि शेवटी एक वाक्य : ‘आपण नाकारले नाही तर गाडी या बाबतींत निर्दोष आहे असे समजून मी ती घेत आहे.’ विक्रेत्याने त्यावर सही केली आणि उत्तर खोटे निघाले, तर ते निव्वळ मौन राहत नाही, उघड असत्य होते; आणि कलम १९ मधील सामान्य दक्षतेचा अपवाद उघड असत्याच्या कपटाला लागू नाही. त्याच पत्रकाच्या मागे विक्रेत्याच्या संरक्षणासाठी गाडी ताब्यात दिल्याची तारीख नि वेळ, आणि नमुना २९ त्याच दिवशी भरल्याची नोंद असावी. नोंदणी, कर्जाचा बोजा आणि विमा यांची शासकीय प्रणालीवर पडताळणी करून देण्याचे काम शाखेतील एखादा तरुण रविवारी सकाळी सहज करू शकेल. तंटा झालाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊकच नसतो.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. चार पोरे घेऊन विक्रेत्याच्या दारात उभे राहणे, गाडी अडवणे, पैसे काढून देऊन त्यातला वाटा घेणे, हे काही पक्षांचे कार्यकर्ते करतात आणि त्यालाच जनसंपर्क म्हणतात. त्यातून एका माणसाचे पैसे कदाचित परत मिळतील, परंतु वस्तीला शिकवण मिळते ती दंडेलीची. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्यापुढे मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला फावडे ठेवले होते. प्रश्नपत्रक भरून घेणे, नोंद ठेवणे, दोन्ही बाजूंना शांतपणे बसवणे, हे फावड्याचे काम आहे. त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येत नाही.

शेवटी एक मुद्दा उरतो. कार्यकर्तेही आपापल्या गाड्या विकतात. पक्षकार्यालयाची जीपही केव्हा तरी विकली जाते. गिअर अडतो, इंजिन तेल पिते, हे ठाऊक असताना घेणाऱ्यासमोर गप्प बसावे की सांगावे, हा प्रश्न तेव्हा पुस्तकातला राहत नाही. सांगितले तर वीस-पंचवीस हजार कमी मिळतात. समता म्हणजे परक्याला घरच्याइतका मान देणे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याने त्या वेळी मुलीला सांगितला असता तो दोष परक्यालाही सांगितला पाहिजे. शासनाने नमुना बदलण्याची वाट न पाहता हे पत्रक हुडकेश्वरमध्ये छापले जावे, आणि त्यावरची पहिली सही पक्षाच्या कार्यकर्त्याची, विक्रेता म्हणून, असावी.